गंजीतली तीन अंडी

सगळं कूलरो गाव डिनी स्कॅनेलच्या अंगणात लोटलं होतं, आणि कुणी मेलेलं नव्हतं. एवढी गर्दी आमच्याकडे एक तर मयताला जमते, नाही तर फुकटच्या तमाशाला. दिवस शनिवारचा. शनिवारी पाद्रीबाबा शहरात जातात, त्यामुळे ज्या गोष्टी त्यांच्या कानावर जाऊ नयेत त्या सगळ्या आमच्या गावात शनिवारीच होतात.

ॲबी गायनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर शनिवारी दहाच्या सुमाराला ती आपली गाढवगाडी घेऊन स्कॅनेलकडे यायची, आठवड्याची अंडी गोळा करायची आणि पुढच्या घरी जायची. सोळा वर्षं हाच क्रम. गावच्या बायकांची अंडी शहरातल्या दुकानात पोचवायची आणि त्यावर आपलं पोट भरायचं, हा तिचा धंदा. चाळिशी उलटली होती, घरात एकटी, आणि केस असे लालभडक की धुक्यातही ती लांबून ओळखू यायची. गाढवाचं नाव तिने बिशप ठेवलं होतं. त्यावरून पाद्रीबाबा तिला दोनदा बोलले होते, पण बिशपला दुसऱ्या नावाने हाक मारली की तो चालतच नसे.

गर्दी बघून ती फाटकाशी थबकली. "कोण गेलं गं?" तिने विचारलं.

पुढचे लोक एकदम मागे सरकले, बायकांनी छातीवर क्रूस काढले, आणि म्हातारी नोनी हॅनाफिन किंचाळली, "आली! बघा, आली!"

दुधघराच्या दारात मॉस टूही उभा होता. मॉस म्हणजे सातव्या मुलाचा सातवा मुलगा, जन्मतःच अंगात मांत्रिकाची शक्ती असलेला, असं तो स्वतः सांगायचा. त्याच्या आईला एकंदर किती मुलं झाली हे मोजायला कुणी गेलं नव्हतं. तो तीन डोंगरांपलीकडून आला होता, आणि लांबून आलेल्या माणसाची सगळी भावंडं खरी धरून चालायची आमच्याकडे पद्धत आहे. अंगात काळा लांब कोट, हातात हेझल झाडाची सोललेली काठी, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही घाम फुटावा.

"सांगितलं होतं की नाही?" मॉस गरजला. "फाळ तापला की चोराचं काळीज तापतं! चोराला बसवत नाही, उठवत नाही, तो धावत या दाराशी येतो आणि काहीतरी मागतो! ती मागेल, पण कुणी काही देऊ नका!"

"काय चाललंय हे?" ॲबी म्हणाली. "नेल, अगं, अंडी घ्यायला आलेय मी."

"मागितलं!" मॉसने काठी वर केली. "ऐकलंत? मागितलं!"

तेवढ्यात दुधघरातून चर्र असा आवाज आला आणि करपलेल्या दुधाचा वास सुटला. चुलीतून लाल करून आणलेला नांगराचा फाळ सायीच्या पिपात बुडवला होता. डिनीची बायको नेल पिपाचा दांडा वरखाली करत होती, मॉस काहीतरी पुटपुटत होता. त्यात थोडं लॅटिन होतं, थोडं गुरं हाकायचं होतं आणि उरलेलं तोंडाला येईल ते होतं. पाव तास गेला असेल नसेल, आतून नेल रडत ओरडली, "धरलं! देवा रे, लोणी धरलं!"

मग काय विचारता! म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, पोरं शेणात नाचली. डिनी स्कॅनेल, एवढा सहा फुटी गडी, त्याने मॉसच्या हाताचं चुंबन घेतलं. बैलाच्या व्यापाऱ्याने एका शिलिंगासाठी तासभर घासाघीस केली तरी जो पाघळत नाही, तोच हा डिनी.

"लोणी परत आलं, पण चोर जागेवरच आहे," मॉस आवाज खाली आणून म्हणाला. "तो गाव सोडत नाही तोवर ते पुन्हा पुन्हा जाईल. आणि हा पहिला गोळा घरात ठेवायचा नाही. शापाचं लोणी आहे. माझं मी बघतो, तळ्यात बुडवून टाकतो. तुमच्यासाठी एवढा धोका मी पत्करतो."

असा तो परोपकारी माणूस. नेलने आपल्या लाकडी ठशाने लोण्यावर हंस उमटवला होता, सवयीने. तो सगळा गोळा मॉसने फडक्यात बांधून घेतला.

आता ॲबीवर बालंट आलं कसं ते ऐका. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे घरातून काही बाहेर जाऊ देत नाहीत, ना विस्तव, ना मीठ, ना दूध, कारण त्याबरोबर वर्षाची बरकत जाते म्हणे. आणि घुसळण चालू असलेल्या घरात पाय ठेवला की "देव बरकत देवो" म्हणायचं आणि पिपाच्या दांड्याला चार हात द्यायचे. नाही दिलेत तर तुम्ही लोणी पळवायला आलात. ॲबी त्या सकाळी स्कॅनेलकडे आली, बरकत देवो म्हणाली, पण हात दिला नाही. मनगट मुरगळलं होतं, पट्टी बांधलेली होती, सगळ्यांना दिसत होती. त्या दिवसापासून स्कॅनेलच्या पिपात लोणी धरेना. दोन दोन तास घुसळून नेलचे खांदे भरून यायचे आणि हाताशी फेस राहायचा.

पट्टी सगळे विसरले, केस मात्र कुणी विसरलं नाही. लाल केसांची बाई वाटेत भेटली की आमचे पुरुष बाजाराला न जाता परत फिरतात. ॲबीला हे लहानपणापासून माहीत. म्हणून बाजाराच्या दिवशी ती मोठ्या रस्त्याने जायचीच नाही, दलदलीतल्या मागच्या पायवाटेने गाढव ओढत जायची, गुडघाभर चिखलातून. लोकांचा खोळंबा होऊ नये म्हणून! सोळा वर्षं तिने हा मान राखला, आणि त्याचं फळ आता तिच्या पदरात पडत होतं. ज्याचा मूर्खपणा आपण सांभाळून घेतो तो एक दिवस आपल्याच घरात शिरतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारनंतर तिला बघून घराघरांच्या दारांच्या खिट्ट्या लागायला लागल्या. ज्या बायका तिला चहाशिवाय सोडत नसत, त्या पडद्याआडून डोळे लावून बसायच्या. नोनी हॅनाफिनकडे तर मॉसने मुक्कामच ठोकला होता. सकाळी दोन अंडी, दुपारी डुकराचं मांस, संध्याकाळी कोटाच्या खिशातली बाटली. नोनीने ॲबीला दारातूनच सांगितलं, "एक अंडंसुद्धा मिळायचं नाही. फूट इथून."

मंगळवारी नेलने पुन्हा घुसळलं आणि पुन्हा लोणी आलं नाही. संध्याकाळी डिनी ॲबीच्या झोपडीशी आला. झोपडी त्याच्याच जमिनीवर होती, त्याच्या बापाने ॲबीच्या बापाला दिलेली. डिनी आत आला नाही. टोपी हातात फिरवत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"ॲबी, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण जूनमधल्या सेंट जॉनच्या होळीपर्यंत घर मोकळं कर."

"आणि जाऊ कुठे, डिनी?"

"ते मला काय विचारतेस?"

"तुझ्या धाकटीला गोवर आला होता तेव्हा अकरा दिवस कोण बसलं होतं तिच्याजवळ?"

"लोणीच नाही आलं तर खायचं काय आम्ही," एवढं म्हणून तो निघून गेला.

त्या आठवड्यात ॲबी खूप रडली. रागाने रडली, आणि त्याहून वाईट म्हणजे शंकेने रडली. एवढे लोक म्हणतात तर आपल्यात खरंच काही असेल का? आरशापुढे उभी राहून तिने आपले केस मुठीत धरले आणि कात्री शोधली. शेवटी बिशपने बाहेर गळा काढला म्हणून ती कात्री टाकून त्याला चारा द्यायला गेली.

गावात एकच दार तिला उघडं होतं, ते शाळेच्या किसेनबाईंचं. बाई साठीच्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला, जिभेला धार. त्यांच्या सहा कोंबड्या होत्या आणि त्यांची अंडी त्यांनी ॲबीलाच दिली.

"बाई, एक विचारू? माझ्यात खरंच काही वाईट असेल का?"

"आहे ना. अक्कल असून वापरत नाहीस, हे वाईट आहे," बाई म्हणाल्या. "बस. आणि मला नीट सांग, त्या भोंदूने केलं काय? तो काय बोलला ते नको, हातांनी काय केलं ते सांग."

"फाळ लाल केला आणि सायीत बुडवला."

"सायीचं काय झालं?"

"चर्र झालं, करपली."

"आणखी काय झालं? गरम लोखंड थंड सायीत घातल्यावर?"

"साय... कोमट झाली असेल."

"शाबास! नेल पूर्वी कुठे घुसळायची?"

"स्वयंपाकघरात, चुलीपाशी. डिनीने नवं दुधघर बांधलं ना, उत्तरेच्या अंगाला, दगडी फरशीचं. केवढी ऐट त्याची! मेच्या पहिल्या दिवशी मोठ्या थाटात पीप तिकडे हलवलं..."

"उत्तरेचं दार, दगडी फरशी, आणि यंदाचा मे कसा आहे? अजून मी दोन शाली घेऊन झोपते. गारठलेल्या सायीतून लोणी निघत नाही, ॲबी. पोप येऊन घुसळायला बसले तरी नाही निघायचं." बाईंनी कपाटातून एक काचेची नळी काढली. मुलींना दूधदुभतं शिकवायला सरकारने दिलेला थर्मामीटर होता तो. नळीवर एका जागी लाल रेघ होती. "पारा इथवर आला की लोणी धरतं. त्याच्या खाली राहिला की फेस. यात चेटूक नाही, मंत्र नाही आणि तुझे केसही नाहीत. मी बोलले तर म्हणतील, बाई नास्तिक आहे. येत्या शनिवारी तो पुन्हा स्कॅनेलकडे येणार आहे ना? तुझ्या तोंडून येऊ दे."

बाईंची अंडी घेऊन ॲबी शहरात गेली. टोपलीचा तळ दिसत होता, तिला लाज वाटली. दुकानाच्या फळीवर ओल्या फडक्याखाली लोण्याचे गोळे मांडले होते, आणि त्यातल्या एकावर हंस होता. हंसाची चोच तुटकी. नेलच्या ठशाचा तो टवका ॲबीच्या समोर उडाला होता, तीन वर्षांपूर्वी, नेलच्या पोराने तो ठसा कुत्र्याला मारला तेव्हा.

"हे कुणी आणलं?" तिने दुकानदाराला विचारलं.

"काळ्या कोटातला एक जण. स्कॅनेलच्या हंसाला गिऱ्हाईक जास्त भाव देतं, म्हणाला." दुकानदार हसला. "का, हवंय?"

"द्या," ॲबी म्हणाली. आपल्याच गावाचं शापाचं लोणी तिने विकत घेतलं. आठवड्याची कमाई त्यात गेली, पण तिला इतका आनंद झाला की परतताना ती बिशपशी मोठ्याने बोलत होती.

पुढच्या शनिवारी गर्दी दुप्पट. या वेळी मॉस बरकत चोरायचं साधनच शोधून काढणार होता. फाळ चुलीत तापत पडला होता आणि मॉस काठी पुढे धरून अंगणात फिरत होता, डोळे मिटून, म्हणजे एक मिटून.

"मला दिसतंय! मेच्या आदल्या संध्याकाळी एक लाल सावली आली! तिने काहीतरी पुरलं! ते जसं कुजेल तशी तुमची गुरं कुजतील, तुमची पिकं कुजतील!"

"देवा, देवा," बायका.

काठी थरथरली, वळली, अंगणामागच्या गवताच्या जुन्या गंजीकडे ओढ घेऊ लागली. मॉस तिच्यामागे असा फरफटत गेला, की काठी त्याला नेतेय की तो काठीला, हे विचारायची कुणाला सवड राहिली नाही. त्याने गंजीत कोपरापर्यंत हात घातला, गवत बाजूला केलं आणि तीन अंडी दिसली.

गर्दीतून हंबरडा उठला. दुसऱ्याच्या गंजीत अंडी पुरणं म्हणजे आमच्याकडे विषप्रयोगाच्या बरोबरीचं.

"हात लावू नका!" मॉस ओरडला. "जो हात लावेल तो वर्षाच्या आत मातीत जाईल! विस्तव आणा, इथल्या इथे जाळतो!"

"थांब रे," फाटकातून आवाज आला. "जाळायची एवढी घाई कशाला?"

ॲबी गाडीवरून उतरली. एका हातात तिचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात टोपली. मागे किसेनबाई. लोकांनी वाट दिली, भीतीने का होईना. ती सरळ गंजीपाशी गेली, वाकली आणि तिन्ही अंडी उचलून हातात घेतली. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मॉसच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"डिनी, माझं घर जाणार आहे ना यावरून?" ॲबी म्हणाली. "मग मला पाच मिनिटं दे. सोळा वर्षं या गावचं प्रत्येक अंडं माझ्या हातातून गेलंय. ही कधी ठेवली म्हणतोस, मॉस?"

"मेच्या आदल्या संध्याकाळी," मॉस म्हणाला. "तुला माहीत नाही होय?"

"म्हणजे चार आठवडे होत आले. सगळ्यांनी ऐकलं ना? चला माझ्याबरोबर."

ती अंधाऱ्या तबेल्यात गेली आणि डब्यातली मेणबत्ती पेटवली. डब्याला अंड्याच्या मापाचं भोक होतं. दुकानदार शिळी अंडी परत करतो, म्हणून प्रत्येक अंडं ती असं उजेडावर धरून बघायची. तिने आधी टोपलीतलं एक अंडं भोकावर धरलं.

"डिनी, नेल, नोनी, या इकडे, घाबरू नका. हे माझ्याकडचं महिन्याचं शिळं अंडं. जाड टोकाकडे बघा. काय दिसतं?"

"पोकळी," डिनी म्हणाला. "बरीच मोठी."

"अंडं जुनं होतं तशी आत हवा भरते, पोकळी वाढते. आता हे गंजीतलं." तिने पहिलं अंडं धरलं, मग दुसरं. पोकळी करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नव्हती. "काय म्हणतोस, डिनी? चार आठवडे?"

"ताजं आहे हे," डिनी हळूच म्हणाला. "परवाचं असेल फार तर."

"चेटकाची अंडी शिळी होत नसतात!" मॉस मागून ओरडला.

"असं का? मग तिसरं बघू." तिसऱ्या अंड्याच्या पोटावर सुरकुतीसारखी एक वळी होती, पट्टा बांधल्यागत. ॲबीने ते नोनीच्या हातात दिलं. नोनी शाप विसरून गेली आणि अंडं डोळ्यांपाशी नेऊन म्हणाली, "अगं बाई, हे माझ्या ठिपकीचं!"

"खात्री आहे?"

"खात्री काय विचारतेस? साऱ्या गावात असं वळीचं अंडं एकटी माझी ठिपकी घालते!"

"आणि मेच्या आदल्या दिवशी ठिपकी काय करत होती?"

"खुडूक बसली होती, मेली! ईस्टरपासून. मीच तिला थंड पाण्यात बुचकळून काढून उठवलं. आता कुठे या आठवड्यात पुन्हा घालायला लागली..." नोनीने अंडं पुन्हा निरखलं.

"या आठवड्यात," ॲबी म्हणाली. "आठवडाभर तू मला दारात उभं केलं नाहीस, नोनी. एक अंडं दिलं नाहीस. मग तुझ्या ठिपकीचं या आठवड्याचं अंडं मला मिळालं कुठून? आणि आठवडाभर तुझ्या घरात बसून तुझी अंडी कोण खातंय?"

सगळ्या माना मॉसकडे वळल्या. नोनी म्हणाली, "तरीच! सकाळी खुराड्यात याचं काय काम असायचं, मी म्हणायचे. देवाघरचा माणूस, कोंबड्यांना आशीर्वाद देत असेल!"

"माझा अपमान करताय तुम्ही!" मॉस म्हणाला. "सातव्या मुलाच्या सातव्या मुलाचा! मी नसतो तर लोणी कुणी आणलं असतं? ते विचारा तिला!"

"बरं झालं आठवण केलीस. लोण्याचं काय केलंस रे?"

"तळ्यात बुडवलं. मध्यावर जाऊन."

ॲबीने टोपलीतलं ओलं फडकं सोडलं आणि गोळा नेलपुढे धरला. तुटक्या चोचीचा हंस सगळ्यांकडे बघत होता. "तळ्यातून पोहत पोहत शहराच्या दुकानात पोचला बघ तुझा हंस, नेल. वरचा भाव घेऊन."

पहिला हसला तो मागचा कुणीतरी म्हातारा, मग पोरं, मग सगळा तबेला. आठवडाभर जे लोक थरथर कापत होते ते पोट धरून हसत होते. पण डिनी हसत नव्हता. तो म्हणाला, "ते सगळं खरं असेल, ॲबी. चोर असेल हा. पण लोणी आलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तो फाळ बुडवतो आणि लोणी येतं. त्याचं काय?"

आणि गर्दीच्या माना पुन्हा डोलल्या. हे आमचे लोक! चोर हाताशी सापडला तरी त्याच्या चमत्काराला सोडवत नाही.

"तेच बघू," ॲबी म्हणाली. "आज फाळ नको. मॉस इथेच बसेल. लोणी आलं नाही तर सेंट जॉनपर्यंत कशाला, आज संध्याकाळी मी गाव सोडते."

"ॲबी," किसेनबाई हळूच म्हणाल्या, पण तिने ऐकलं नाही.

दुधघरात पिपाभोवती माणसांची भिंत झाली. ॲबीने डोक्यावरची शाल काढली आणि केस मोकळे सोडले. मुद्दाम उंबऱ्याबाहेर गेली, पुन्हा आत आली, आणि बरकत देवो म्हणाली नाही. एक बाई कुजबुजली, "गेलं आता लोणी." बाईंनी नळी सायीत बुडवली आणि डिनीच्या हातात दिली.

"पारा कुठे आहे? लाल रेघ कुठे आहे?"

"पारा पार खाली आहे."

"नेल, चुलीवरची किटली आण."

कढत पाणी पिपात हळूहळू ओतलं. नेल ढवळत होती, बाई नळी बघत होत्या. पारा चढला, लाल रेघेशी आला. "पुरे," बाई म्हणाल्या. "घुसळ आता."

नेलने दांडा धरला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. फेसाचाच आवाज येत होता. मॉस भिंतीला टेकून हसत होता. ॲबीचं घर, धंदा, बिशप, सगळं त्या पिपात होतं. तिने पुढे होऊन नेलच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघी मिळून घुसळायला लागल्या. मेच्या पहिल्या दिवशी राहिलेले चार हात आता देऊन झाले, वर आणखी पन्नास झाले. आणि मग दांडा एकदम जड झाला, आत थपकन आवाज आला. नेलने झाकण काढलं. वर पिवळं, दाणेदार लोणी तरंगत होतं.

"धरलं," नेल म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. ॲबीकडे बघून तिचे डोळे भरून आले.

मॉस टूही कधी निघाला ते कुणाला कळलं नाही. काठी मात्र राहिली. डिनीने ती घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून लावली, आणि त्या कामाला ती खरंच चांगली होती.

लोक पांगायला लागले तशी ॲबी दारात आडवी उभी राहिली. "आत्ता जाऊ नका. मला एक सांगा. पाणी गरम करायचं होतं, एवढंच होतं ते. चूल तुमच्या घरात, किटली तुमच्या घरात. कुणाच्या डोक्यात आलं नाही. पण माझे केस सगळ्यांच्या डोक्यात आले! लोणी का येत नाही असं पिपाला विचारायचं, दुधघराला विचारायचं, थंडीला विचारायचं. ते सोडून तुम्ही मला विचारत होतात. सोळा वर्षं तुमच्या पोरांची दुखणी काढली, ती तुमच्या हिशेबात धरली नाहीत. आणि एका कोटवाल्याने काठी हलवली तर तुम्ही मला बेघर करायला निघालात. कारण शोधा रे, माणूस शोधू नका! कारण सापडलं की उपाय सापडतो. माणूस सापडला की फक्त त्याचा जीव जातो."

नोनीने जाताना टोपलीत सहा अंडी ठेवली, त्यात एक वळीचं होतं. डिनी चार दिवसांनी झोपडीची गळकी बाजू शाकारून द्यायला आला. माफी त्याने मागितली नाही. आमच्याकडे पुरुष माफी मागत नाहीत, छप्पर दुरुस्त करतात.

पुढच्या बाजाराच्या सकाळी ॲबीने बिशपला जुंपलं. बिशप सवयीने मागच्या चिखलाच्या पायवाटेकडे वळला. तिने लगाम ओढला आणि त्याला मोठ्या रस्त्यावर घेतलं. डोकं उघडं, केस वाऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध. बाजूच्या वाटांनी बाजाराला निघालेले आमचे पुरुष रस्त्याला लागत होते, गुरं हाकत. त्यातला टिम कॉटर तिला बघताच फिरला आणि गुरांसकट घरी गेला. त्या दिवशी बाजार चांगला तेजीत होता, त्याचं त्याने गमावलं. डिनी दोन वासरं घेऊन उभा राहिला. पाय अडखळला, हात टोपीकडे गेला, मान मागे वळली.

"वळायचं असेल तर वळ, डिनी," ॲबी म्हणाली. "नुकसान तुझं होईल. मी आता या रस्त्यावरून रोज जाणार आहे."

डिनीने एकदा वासरांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने टोपी नीट बसवली, "हो गं, चल," म्हणाला आणि वासरं पुढे हाकली.